आगाऊ तिकीट

माझ्या अंगी फारसे गुण नाहीत. पण प्रवासाचे तिकीट फार आधी काढून ठेवणे हा एक गुण तरी माझ्यात आहे, अशी माझी गेल्या वर्षापर्यंत प्रामाणिक समजूत होती. आमच्या सौभाग्यवती त्याला गुण म्हणावयास तयार नाहीत. "आगाऊ कोण, तिकीट की तिकीट काढणारा?" असे त्या माहेरच्या माणसांसमोर विचारतात आणि माहेरची माणसे पोट धरून हसतात. मी हसत नाही. या सवयीमागे सबंध वाशीम उभे आहे, हे त्या मंडळींना कोठून कळणार? ती सारी पुण्याची!

वाशीमहून पुण्या-मुंबईस जावयाचे म्हणजे पूर्वी दोन गाड्यांचा प्रवास असे. पूर्णा-खंडवा लाइनीवरची मीटरगेजची छोटी गाडी आम्हांला अकोल्यास नेऊन सोडी, आणि तेथे मोठ्या रुळांवरची मोठी गाडी नागपूरकडून येई ती गच्च भरून. राखीव जागा असली तर आपण प्रवासी. नसली तर आपण आणि आपली वळकटी यांत काही फरक राहत नसे. १९८१ सालच्या शिमग्यात मी अकोल्यापासून कल्याणपर्यंत शौचालयाच्या दाराशी बहुतेक एका पायावर उभा राहून गेलो. दुसरा पाय कोणाच्या तरी ट्रंकेवर होता, आणि ते गृहस्थ दर स्टेशनाला तो उचलावयास लावीत. कल्याणला उतरल्यावर मी मनाशी प्रतिज्ञा केली की, यापुढे आधी तिकीट, मग प्रवासाचे कारण.

ती प्रतिज्ञा मी अक्षरशः पाळली. मुलीचे लग्न ठरले तेव्हा मुहूर्त काढणाऱ्या गुरुजींना मी स्पष्ट सांगितले होते, "मुहूर्त कोणताही काढा, पण अमुक तारखेनंतरचा काढा. वऱ्हाडाची तिकिटे मी काढून बसलो आहे." पुढे २००८ साली वाशीमला मोठा रूळ आला. हळूहळू खिडकीशी उभे राहणे संपले, घरबसल्या फोनवर तिकिटे मिळू लागली. माझी सवय मात्र सुटली नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेने आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली, तेव्हा घरातले एखादे वडीलधारे माणूस गेल्यासारखे मला वाटले.

अशा माणसाला गेल्या वर्षी जर्मनीत जाण्याचा योग आला. मुलगी आणि जावई फ्रांकफुर्टला असतात. व्हिसा हाती पडण्याआधीच मी मुलीला कळवून टाकले की, तिथले सगळे रेल्वेप्रवास आताच ठरव, तिकिटे काढ आणि मला त्यांच्या प्रती पाठव. फोनवर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, इथे तिकीट वेगळं आणि जागा वेगळी असते."

ही गोष्ट मला समजावयास दोन दिवस लागले. त्या देशात पूर्ण भाड्याचे तिकीट काढले की त्या दिवशी त्या मार्गावरच्या कोणत्याही गाडीत बसता येते. वेटिंग लिस्ट नावाचा प्रकारच नाही. जागा राखून हवी असेल तर तिचे थोडे पैसे निराळे द्यावयाचे; नको असेल तर रिकामी दिसेल तेथे बसावे, नाही तर उभे राहावे. स्टेशनात शिरताना फाटक नाही. म्हणजे आयत्या वेळी गेलेल्या माणसाला 'गाडी भरली, परत जा' असे सहसा कोणी म्हणत नाही. मग आगाऊ काढावयाचे कशासाठी? तर पैशासाठी. आधी काढलेले स्वस्त तिकीट पूर्ण भाड्याच्या निम्म्यानेही मिळू शकते. पण ते एका गाडीला बांधलेले असते. वेगवान गाडीसाठी जी वेळ लिहिली, तीच गाडी. ती चुकली की तिकिटाचा कागद झाला.

परदेशी जाणाऱ्या वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे जाता जाता सांगतो. जर्मनीत, फ्रान्समध्ये, इटलीत लांबच्या वेगवान गाड्यांनी जावयाचे असेल तर आधी काढणाऱ्याचे खरोखर पैसे वाचतात, कारण तिथले भाडे विमानाच्या भाड्यासारखे चढत जाते. गावोगाव थांबणाऱ्या छोट्या गाड्यांचे तसे नाही. इटलीत त्या गाड्यांचे भाडे महिनाभर आधीही तेच आणि गाडी सुटण्याच्या आधीही तेच. फक्त कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. स्वित्झर्लंडमध्येही साध्या तिकिटाचा दर आज आणि उद्या सारखाच. जर्मनीत मे २०२३ मध्ये ४९ युरोंचा एक मासिक पास निघाला. पुढे त्याची किंमत वाढत गेली. तो वेगवान गाड्यांत चालत नाही. पण बाकीच्या छोट्या गाड्या, ट्राम, बस, सबंध देशभर चालतो. हे सगळे मी वहीत उतरवून घेतले होते. पासाचे पान पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "हा आपल्या मुलखातला वाटतो. हा घ्या आणि गप्प बसा." पण मी कसला गप्प बसतो!

श्टुटगार्टला माझा एक जुना मित्र राहतो. तो कारंजा लाडचा. अकोल्याच्या कॉलेजात आम्ही दोघे एका खोलीत राहत असू. १९७८ साली तो जर्मनीत गेला, यंत्रांच्या कारखान्यात लागला आणि तेथलाच झाला. दोन वर्षांपूर्वी त्याची पत्नी वारली. मुले दूर. आमची प्रत्यक्ष भेट होऊन पंचवीस वर्षे लोटली होती. त्याच्याकडे एक दिवस जाऊन यावे असे ठरले, आणि अर्थातच जाण्याचे आणि येण्याचेही स्वस्त तिकीट मी मुलीकडून वाशीमहूनच काढवून घेतले. परतीची गाडी दुपारी चारनंतरची. "संध्याकाळची काढू का?" असे तिने विचारले होते. ती थोडी महाग होती.

फ्रांकफुर्टहून श्टुटगार्ट वेगवान गाडीने दीड तासाच्या आसपास. स्टेशनात २०१० पासून मोठे खोदकाम चालू आहे, त्यामुळे गाडीतून उतरून बरेच चालावे लागते. त्या लांबलचक वाटेच्या टोकाला तो उभा होता. केस पांढरे झालेले, पाठ जराशी वाकलेली. पण तोंड उघडले आणि सगळा कारंजा बाहेर आला. "काऊन बे, लय बुढा झाला तू!" चाळीस-पंचेचाळीस वर्षे जर्मन बोलून त्याची वऱ्हाडी जशीच्या तशी राहिली होती. माझी मात्र मास्तरकी करून आणि पुण्याची बायको करून केव्हाच गेली.

त्याचे घर नीटनेटके, नको इतके नीटनेटके होते. आम्ही बसलो, चहा झाला. तो एकेकाची चौकशी करी, मी सांगे, आणि मधूनमधून माझा डोळा घड्याळाकडे जाई. त्याने ते पाहिले.

"किती वाजताची हाय?"

मी सांगितले, आणि स्वस्त तिकिटाची थोरवीही सांगितली. तो हसला. "तू शकुंतलेचं तिकीट कधी आगाऊ काडलं होतं काय?"

शकुंतला म्हणजे आमच्या भागातली अरुंद रुळांवरची गाडी. मुर्तिजापूर ते यवतमाळ, ११३ किलोमीटर, वाटेत कारंजा. इंग्रजी कंपनीने बांधलेली ती लाइन स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे कंपनीच्याच मालकीची राहिली. वाफेचे इंजिन तिला १९९४ पर्यंत होते. आता ती बंद आहे. तिच्यात गार्डच तिकिटे देई आणि गार्डच इतर दहा कामे करी. धावत येणारा माणूस दिसला तर गाडी त्याच्यासाठी थांबे, असे आम्ही सांगत असू. आणि ते अगदीच खोटे नव्हते.

"रात्री जेवून जा," तो म्हणाला. "ज्वारीचं पीठ हाय. झुनका करतो."

मी म्हटले, "अरे, पण तिकीट..."

तो पुढे काही बोलला नाही. उठला आणि माझा कोट घेऊन आला.

फलाटावर पोहोचलो तो पाटीवर आमच्या गाडीपुढे अक्षरे सरकत होती: पस्तीस मिनिटे उशीर. मी कपाळाला हात लावला. तो मात्र एकदम तरतरीत झाला. "झाली ना तुही सुटका!" असे म्हणून त्याने मला नियम सांगितला. मुक्कामी पोहोचावयास वीस मिनिटांहून अधिक उशीर होणार असे दिसले की स्वस्त तिकिटाचे बंधन सुटते. मग त्याच तिकिटावर नंतरच्या गाडीने जाता येते. माझा विश्वास बसेना. वाशीमच्या माणसाला फुकट मिळालेल्या सवलतीची नेहमीच शंका येते. मी त्याला घेऊन चौकशीच्या खिडकीशी गेलो. तिथल्या बाईंनी माझे तिकीट पाहिले, मान डोलावली आणि काहीतरी बोलल्या. "काय म्हणाल्या?" मी विचारले. "म्हन्ते, जेवून जा," तो म्हणाला.

आम्ही परत फिरलो.

भाकरी त्याने स्वतः थापल्या, आणि त्या आमच्या घरच्यापेक्षा गोल होत्या. जेवताना तो आपणहून बोलू लागला. १९८६ साली दिवाळीला घरी येण्यासाठी त्याने उन्हाळ्यातच विमानाचे तिकीट काढले होते. स्वस्तातले, तारीख न बदलणारे. भाद्रपदात आईने अंथरूण धरले. तेव्हा दुसरे तिकीट काढावयाचे म्हणजे त्याचा दीड महिन्याचा पगार. "मले वाटलं, हाये ना तिकीट. महिन्याचा तं सवाल हाय." कोजागिरीनंतर चौथ्या दिवशी आई गेली. तिकीट त्यापुढे सहा दिवसांनंतरचे होते.

"तेराव्याले बराबर पोचलो मी," तो म्हणाला. "तिकिटाचा एक पैसा वाया गेला नाही."

माझा घास हातात राहिला. त्या भाद्रपदात त्याच्या सांगण्यावरून मी वाशीमहून कारंज्याला त्याच्या आईला पाहावयास गेलो होतो. त्या अंथरुणावर उठून बसल्या होत्या, मला त्यांनी लाडू दिला होता. घरी येऊन मी त्याला निळ्या हवाई पत्रावर लिहिले होते की, प्रकृती सुधारते आहे. दिवाळीचे तिकीट काढलेच आहेस, ते उगीच वाया घालवू नकोस. इतकी वर्षे हे पत्र मी पार विसरलो होतो. त्या ताटावर ते ओळ न ओळ आठवले.

"मी तुला लिहिलं होतं," मी म्हटले.

"हाव," तो म्हणाला. "अक्षर लय चांगलं होतं तुह्यं." आणि त्याने माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

रात्री दहाच्या सुमारास एक गाडी होती. तिने मी परतलो. डबा जवळजवळ रिकामा होता आणि मला कोणतीही जागा चालण्यासारखी होती. मी बराच वेळ उभाच होतो.

या दिवाळीला तो येतो म्हणाला आहे. कारंज्याच्या वाड्याचे काय करावयाचे ते ठरवावयाचे आहे. शिवाय, त्याच्या शब्दांत, "तुह्या बायकोचा फराळ खाऊन पाहू". कोणत्या तारखेला, असे मी विचारले. "तारीख इचारू नको. मन झालं का निंगतो." त्या गृहस्थाने १९८६ नंतर एकही तिकीट आगाऊ काढलेले नाही, आणि त्यापायी आजवर किती पैसे घालवले ते तो सांगत नाही. मुंबईत उतरून विदर्भ एक्सप्रेसने मुर्तिजापूर गाठावयाचे, तेथून पुढे मी मोटार घेऊन जाणार, एवढेच ठरले आहे. दिवाळीच्या दिवसांत त्या गाडीला आयत्या वेळी जागा मिळेल, असे त्याला वाटते. जर्मनीत राहिलेला माणूस!

मी त्याच्याजवळ एक अक्षर बोललो नाही. मात्र साठ दिवसांची मुदत उघडताच त्याच्या नावाने लागोपाठ तीन दिवसांची तीन तिकिटे काढून ठेवली आहेत. दोन रद्द करावी लागतील, पैसे कापले जातील, ते जावोत. वयाच्या रकान्यात विचार न करता मी माझेच वय घातले. एका वर्गात होतो, फार चुकले नसेल. तिन्ही बर्थ खालचे मिळाले आहेत.