पडवळाची एक फोड

पडवळाची भाजी हा कांहीं युद्ध पुकारण्याजोगा विषय नव्हे. तरी आमच्या घरांत तिच्यावरून एक युद्ध झालें, आणि त्यांत मी जिंकलों. माझा मुलगा तेव्हां चार वर्षांचा होता. "सगळें संपवल्याशिवाय उठायचें नाहीं," असें मीं त्याला बजावलें. वरणभात संपला, पोळी संपली, भाजी राहिली. तासाभरानें डोळे पुसत त्यानें ती गिळली, आणि अन्नाला नांवें ठेवूं नयेत हा धडा मुलाला दिल्याच्या समाधानांत मीं सुपारी कातरली.

त्यानें घेतलेला धडा निराळाच होता, हें कळायला तीस वर्षें लागलीं. आज तो स्वतः बाप आहे, आणि पडवळ दिसलें कीं वाटी दूर सारतो!

मध्यंतरीं क्लॅरा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टरबाईंच्या प्रयोगाची हकीकत माझ्या वाचनांत आली. ती त्यांनीं १९३९ सालीं मांडली होती. अंगावरचें दूध नुकतेंच सुटलेल्या पंधरा मुलांपुढें त्यांनीं साधे, बिनसाखरेचे पदार्थ ठेवले, आणि काय व किती खावें हें मुलांवरच सोपवलें. आग्रह नाहीं, रागावणें नाहीं. मुलें उत्तम वाढलीं. मात्र खरी मेख बाईंनींच सांगून ठेवली आहे: पदार्थांची यादी मोठ्यांनीं केली होती, आणि तींत मिठाई नव्हतीच.

बापाचें काम कोठें संपतें, हें मला तेथें उमगलें. ताटांत काय यावें तें आपण ठरवावें. पोटांत किती जावें तें मुलानें. नव्या पदार्थाची ओळख पटायला तो आठ-दहा वेळां, कधीं त्याहूनही अधिक वेळां समोर यावा लागतो, असें अभ्यासक सांगतात. अनोळखी पाहुण्याला मुलानें पहिल्याच भेटींत मिठी मारावी, असा हट्ट आपण धरीत नाहीं. मग तो भाजीसाठींच कां धरावा?

परवां नात जेवायला बसली होती. पानाच्या उजव्या बाजूस पडवळाची एक फोड होती. तिनें ती हुंगली आणि बाजूला सारली.

"सगळें संपवल्याशिवाय उठायचें नाहीं!" मुलाच्या तोंडून माझाच आवाज निघाला.

मीं म्हटलें, "अरे, राहूं दे. पुन्हां वाढूं केव्हां तरी. तूंच घे एक फोड. ती तुझ्याकडे पाहते आहे."

"बाबा, हें तुम्ही सांगतां?" तो हंसला. पण त्यानें फोड उचलली, आणि तोंड वाकडें न करतां खाल्ली.

नातीनें कांहीं आपली फोड खाल्ली नाहीं. मात्र पानाच्या कडेवरून ती जरा जवळ ओढून घेतली. तेवढें मला त्या दिवशीं पुरलें.