साखळी आणि खांब

क्रोशाच्या सुईचा थंडीशी काही संबंध असू शकतो, हे लग्न होऊन दिल्लीस येईपर्यंत मला ठाऊक नव्हते. साताऱ्याच्या आमच्या घरी क्रोशा होता तो सुती दोऱ्याचा, पांढराशुभ्र आणि सर्वस्वी शोभेचा. दाराला राघू-मैनांचे तोरण, रेडिओवर जाळीचा रुमाल, पाण्याच्या तांब्यावर कडेने मणी ओवलेले झाकण. मुलगी पाहावयास मंडळी आली म्हणजे हे सारे त्यांच्यासमोर सहज म्हणून मांडले जाई. मुलीच्या अंगी चिकाटी आहे आणि तिला रिकामे बसण्याची सवय नाही, अशी दुहेरी ग्वाही ते रुमाल देत. कोणाला ऊब देणे हे त्यांचे काम नव्हते.

१९७४ साली मी करोलबागेतल्या या घरात आले. त्या वर्षीचे नवरात्र बसले आणि सासूबाईंनी माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवून घेतली. पेटीत लोकर होती आणि क्रोशाच्या सुया होत्या. पण त्या सुया पाहून मला हसूच आले. माझी पोलादी सुई दाभणाच्या टोकाएवढी, तर या पेन्सिलीसारख्या जाड. ऋतू सहा हे आपण शाळेत घोकलेले असते, परंतु शरद कोठे सरतो आणि हेमंत कोठे लागतो हे उत्तरेस आल्यावाचून अंगाला कळत नाही. सासूबाईंना ते कळत असे. पहाटेचा पहिला गारवा जाणवला की कानटोप्या आणि मफलर सुरू, कारण ते लवकर उरकतात आणि लवकर लागतात. कार्तिकात हातांवर शाल. मार्गशीर्ष-पौषात, धुके उतरून दिवस चार तासांचा झाल्यासारखा वाटू लागला की चौकोनांचे पांघरूण, कारण विणता विणताच ते मांडीवर पसरत जाते आणि पुरे होण्याआधीच ऊब देऊ लागते. वसंतपंचमीला पेटी पुन्हा माळ्यावर. या पंचांगात मी कधी फरक पडलेला पाहिला नाही.

लोकरीचे शास्त्र त्यांनी मला शिकविले ते शास्त्र या नावाने नव्हे. ऊब लोकरीत नसते, लोकरीने धरून ठेवलेल्या हवेत असते, हे मी पुढे पुस्तकात वाचले. सासूबाई एवढेच म्हणत, ‘टोपीला मुका खांब, शालीला खांब.’ मुका खांब आखूड आणि दाट. त्यातून वारा जात नाही. खांब उंच, दोन खांबांमध्ये फट राहते. केवळ खांबांची शाल घेऊन उघड्या गच्चीवर उभे राहिले तर पौषातला वारा तिच्यातून सरळ आरपार जातो. मात्र तीच शाल कोटाखाली घेतली की त्या फटींतली हवा अडकून पडते आणि शालीच्या वजनाच्या मानाने नवल वाटावे इतकी ऊब येते. क्रोशाला दोन सुयांच्या विणकामापेक्षा लोकर बरीच अधिक लागते, ही त्याची खोड खरी. म्हणून स्वेटर दोन सुयांवर आणि बाकीचे क्रोशावर, असा त्यांचा विवेक होता.

त्यांच्या हातची मला सर्वांत आवडणारी वस्तू म्हणजे कुंची. आपल्याकडे कुंची शिवतात, खणाची किंवा रेशमाची, काठाला जर लावून. दिल्लीच्या थंडीत खणाची कुंची कोठे पुरणार? सासूबाई ती लोकरीची करीत. एक लांबट पट्टी विणायची, मधोमध दुमडून एक बाजू डोक्यामागे शिवायची, म्हणजे वर टोपडे होते आणि खाली पाठीवर झूल लोंबते. गळ्याशी साखळीची दोरी ओवून तिला दोन गोंडे लावायचे. बाळ मान हलवू लागले की गोंडे हलतात, आणि त्यांना पकडण्याच्या नादात ते रडायचे विसरते. शेजारच्या पंजाबी घरांतून या वस्तूचे मोठे कौतुक होई, पण तिचे नाव मात्र त्यांच्या जिभेवर कधी चढले नाही.

क्रोशाची एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. दोन सुयांवर विणताना सगळी ओळ जिवंत असते. शंभर टाके असतील तर शंभर फासे सुईवर लटकलेले असतात, आणि सुई निसटली की ते घरंगळत खाली जातात. क्रोशात जिवंत फासा एकच. बाकीचे सारे मागे बांधून झालेले असते. दूध उतू चालले, दारावर भाजीवाला आला, मूल पडले, तर सुई काढून तो एक फासा सैल करून ठेवावा आणि उठावे. तासाभराने येऊन तेथूनच पुढे जावे. तुकड्यातुकड्यांनी मिळणाऱ्या वेळात जगणाऱ्या माणसासाठीच जणू ही कला निघाली आहे. अशा वेळात जगणारी माणसे घरोघर कोण असतात, ते सांगावयास नकोच. अशा तुकड्यांतून जे निपजते त्याला लोक काम म्हणत नाहीत, विरंगुळा म्हणतात.

आणि तरी या विरंगुळ्यावर कितीतरी घरे जगली आहेत. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजून दुष्काळ पडला, तेव्हा मठांतल्या जोगिणींनी बायकामुलींना क्रोशाची लेस शिकविली आणि ती विकून चुली पेटल्या. आपल्याकडे गोदावरीच्या मुखाशी नरसापूर आहे. तेथे एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी ही सुई नेली, आणि पुढे दलालाने दोरा द्यायचा व लेस घेऊन जायची असा सबंध धंदा उभा राहिला. मारिया मीस या विदुषीने १९८२ साली त्या बायकांवर पुस्तक लिहिले. दिवसाचे सहासहा, आठआठ तास राबून परदेशी जाणारा माल काढणाऱ्या त्या बायकांची गणना ‘फावल्या वेळात काही करणाऱ्या गृहिणी’ अशीच होत होती, हे त्यात आहे. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक निर्देशनाचा मान मिळाला. मोजे विणणारे यंत्र विल्यम ली याने १५८९ सालीच केले; परंतु बाजारातली खऱ्या क्रोशाची वस्तू आजही कोणाच्या तरी हातूनच उतरलेली असते. दुकानात तिची किंमत वाचताना माझ्या मनात हा हिशेब हटकून येतो. याउलट व्हिक्टोरिया राणीने १९०० साली बोअर युद्धातल्या सैनिकांसाठी स्वतःच्या हाताने क्रोशाचे आठ खाकी मफलर केले. त्या आठांची नोंद आजतागायत आहे आणि त्यांतला एक ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकात जपून ठेवलेला आहे. राणीचा विरंगुळाही इतिहासात जातो!

सासूबाईंच्या विरंगुळ्याची हकीकत मला शेजारच्या बहेनजींनी सांगितली. घरात ती कोणी काढीत नसे. १९६५ च्या हिवाळ्यात मामंजी छातीच्या दुखण्याने अंथरुणास खिळले. पगारी रजा संपली, मग अर्ध्या पगाराची, मग बिनपगारी. घरात तीन मुले. बहेनजींनी सासूबाईंना बाजारातल्या एका दुकानदाराकडे नेले. तो लोकर तोलून देई आणि विणलेला माल तोलून घेई. दोन्ही वजने जुळली म्हणजे नगाप्रमाणे पैसे हातावर. बाळाचे टोपडे, झबले आणि पायमोजे असा एक संच. दिवसा ऊन असेतो गच्चीवर आणि रात्री मुले निजल्यावर दिव्याखाली, अशी त्या माउलीने ती थंडी काढली आणि पुढचीही काढली. मामंजी उठले, कामावर रुजू झाले. घरातल्या बोलण्यात मात्र त्या दोन हिवाळ्यांचे नाव एवढेच उरले, की ‘हिला विणण्याची भारी हौस.’

१९८१ च्या फेब्रुवारीत खानेसुमारीचा माणूस आला तेव्हा मी घरात होते. आम्ही सारी गच्चीवर उन्हात बसलो होतो. त्याने एकेकाचे नाव, वय, शिक्षण लिहून घेतले. सासूबाईंकडे वळून त्याने विचारले, या काय काम करतात? मामंजी अगदी सरळपणे म्हणाले, ‘काही नाही, घरीच असतात.’ ते खोटे बोलत नव्हते. प्रेमळ गृहस्थ होते. बायकोच्या औषधाची वेळ त्यांनी कधी चुकविली नाही. मी सासूबाईंकडे पाहिले. त्या ओळ मोजीत होत्या आणि मोजणी अर्ध्यात असताना त्या देवाशीसुद्धा बोलल्या नसत्या. ओळ संपली, त्यांनी वर पाहिले, तोवर तो माणूस जिना उतरून गेला होता.

त्यांच्यामागे ती पेटी माझ्याकडे आली. तिच्या तळाशी एक चौकोनी वही आहे. पुढच्या पानांवर कृती आहेत, सगळ्या त्यांच्या सांकेतिक लिपीत: ‘सा. ३, खां. २, एक घर सोडून.’ वही उलटी केली की मागून हिशेब सुरू होतो. तारीख, नग, लोकरीचे वजन, रक्कम. दोन हिवाळ्यांची ती पाने गच्च भरलेली आहेत आणि एकाही बेरजेत खाडाखोड नाही. मधूनमधून कुंच्या आहेत. त्या दुकानाच्या नव्हेत. इथल्या मराठी घरांतून बाळंतपण झाले की त्या करून देत. ओळखीच्या माणसांकडून पैसे कसे घ्यावयाचे? त्या ओळींत रकमेच्या जागी ‘खण-नारळ’ असे लिहिले आहे. मी मोजले, सात वेळा. एका ठिकाणी नुसताच ‘नारळ’ आहे.

किती तास लागले, हे कोठेच लिहिलेले नाही. यंदा भाच्याच्या घरी मार्गशीर्षात बाळ यावयाचे आहे म्हणून नवरात्रात मी कुंची घातली आणि प्रथमच शेजारी घड्याळ ठेवून बसले. माझा हात त्यांच्यापेक्षा संथ आहे, हे धरून चालावे. पट्टी झाली, मागची शिवण झाली, गळ्याची दोरी ओवून झाली. सव्वासोळा तास झाले. गोंडे अजून व्हावयाचे आहेत.