ऐकणाऱ्याचा शब्द

मला बोलता येऊ लागलं त्याच्या आधीच 'आमेन' हा शब्द माझ्या नावावर जमा झाला होता. बाप्तिस्म्याच्या दिवशी धर्ममातेनं मला हातांवर घेऊन माझ्या वतीनं जे काही म्हटलं, त्यात तो होता. पुढे जीभ वळू लागली तेव्हा 'आई', 'पाणी' यांच्या पाठोपाठ मी तोच उचलला, असं घरचे सांगत.

वसईत आमच्या घरी तिन्हीसांजेला जपमाळ असे. आजी पुढे, आम्ही मागे, सगळे गुडघ्यांवर. 'नमो मारिया'चा पहिला अर्धा भाग आजी म्हणायची, दुसरा आम्ही. आमेन दुसऱ्या भागाच्या शेवटी, म्हणजे नेहमी आमच्या वाट्याला. एक आमेन झालं की एक मणी सरकला. शेवटचं आमेन झालं की उठायचं, मोठ्यांचा आशीर्वाद घ्यायचा आणि जेवायला बसायचं. आमेन म्हणजे 'संपलं' हा अर्थ मनात बसला तो तिथे, आणि पुष्कळांच्या मनात तो जन्मभर तसाच राहतो.

चर्चमधलं आमेन मात्र आमच्या वाट्याला नव्हतं. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये होई. फादर वेदीकडे तोंड करून प्रार्थना म्हणत आणि त्यांना उत्तर देण्याचं काम वेदीसेवक मुलांचं. माझा भाऊ त्यांतला एक. लॅटिन उत्तरं त्यानं वहीत देवनागरीत उतरवून घोकली होती. अर्थ त्यालाही ठाऊक नव्हता. मुलींना वेदीपाशी सेवा करायची मुभा नव्हती. आजी लाल लुगड्यात मधल्या रांगेत बसून जपमाळ ओढत असे. घंटी वाजली की मान खाली, छातीवर हात, आणि पुन्हा मणी. एवढ्या सगळ्या बायाबापड्यांच्या वतीनं आमेन म्हणत होतं ते एक शाळकरी पोर.

ख्रिस्तशरीर घ्यायला लोक कठड्यापाशी गुडघे टेकत, तिथेही तसंच. फादर प्रत्येकाच्या जिभेवर भाकर ठेवताना एक लांबसं लॅटिन वाक्य म्हणत. हे शरीर तुझ्या आत्म्याचं अनंत जीवनासाठी रक्षण करो, असा त्याचा भाव. त्या वाक्याच्या टोकाला असलेलं आमेनही फादरच म्हणत. घेणाऱ्याला बोलायला जागाच नव्हती.

एप्रिल १९६४ मध्ये रोमनं हे बदललं. दुसरी व्हॅटिकन परिषद तेव्हा चालू होती. उपासनेत लोकांनी नुसतं बघत न बसता भाग घ्यावा, हे तिनं डिसेंबर १९६३ मध्येच ठरवलं होतं. नवी रीत अगदी आखूड. फादर म्हणणार, 'ख्रिस्ताचं शरीर'. घेणारा म्हणणार, 'आमेन'. खरं तर ही नवी रीत नव्हेच, हरवलेली परत आली. संत ऑगस्टीन हे उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो गावाचे बिशप होते. पाचव्या शतकात, नव्यानं बाप्तिस्मा घेतलेल्यांपुढे बोलताना त्यांनी हीच प्रश्नोत्तराची रीत समजावून सांगितली आहे. ख्रिस्ताचं शरीर तुम्ही स्वतः आहात, तेव्हा तुम्ही जे आहात त्यालाच आमेन म्हणता आहात. ते खरं ठरेल असं जगा, असं त्यांचं सांगणं होतं.

आमच्या गावात हे सगळं मराठीतून यायला थोडा काळ गेला. तोवर आजीनं साठी ओलांडली होती. पावसापाण्यात, वाडीतली कामं टाकून मिस्सेला जाणारी बाई. पण त्या जागचं तिचं आमेन जन्मभर दुसऱ्यानं म्हटलं होतं. ते स्वतः म्हणायची वेळ आली तेव्हा तिनं ते एवढ्या मोठ्यानं म्हटलं की पुढच्या बाकांवरची माणसं वळून पाहू लागली. घरी आल्यावर माझी आई तिला म्हणाली, "आई, एवढ्या मोठ्यानं कशाला?" आजी म्हणाली, "फादरनी मला विचारलं. मी सांगितलं."

आमेनवर पुढे मी पुष्कळ वाचलं. पण हा शब्द कुणाचा, हे मला त्या दुपारी कळलं.

मिस्सेतलं जवळजवळ सगळं मराठी झालं, हा एक शब्द मात्र जसाच्या तसा राहिला. तो लॅटिनही नाही. लॅटिननं तो ग्रीकमधून घेतला, ग्रीकनं हिब्रूतून, आणि प्रार्थनेत तो बहुतेक भाषांतर न होताच चालत आला. हिब्रूत आलेफ, मेम, नून या तीन अक्षरांचा एक धातू आहे. टिकून राहणं, भक्कम असणं, ज्यावर भार टाकता येईल असं असणं, हा त्याचा अर्थ. तान्ह्या मुलाला उरापाशी धरून नेणारा तो 'ओमेन'. बायबलमध्ये, वाळवंटात लोकांना कंटाळलेला मोशे देवाला विचारतो, या सगळ्यांना मी असं उचलून न्यायचं का, तेव्हा हाच शब्द वापरतो. अमालेकी लोकांशी लढाई झाली तेव्हा मोशेचे वर केलेले हात थकून खाली येऊ लागले. मग अहरोन आणि हूर यांनी ते दोन्ही बाजूंनी धरून ठेवले आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात 'एमुना' राहिले, म्हणजे हलले नाहीत. पुढे एमुना म्हणजे विश्वास, श्रद्धा. मला हे फार मोलाचं वाटतं. विश्वास हा शब्द डोक्यातल्या मताला लागण्याआधी दुसऱ्यांनी धरून ठेवलेल्या, न डळमळणाऱ्या हातांना लागला होता.

आमेन हे आपल्या 'ओम्'वरून आलं, किंवा इजिप्तच्या आमून देवावरून, असं सांगणारे निरोप मला अधूनमधून येतात. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण तसा पुरावा नाही. या शब्दाचं सगळं गणगोत हिब्रूत आहे आणि ते नांदतं आहे.

'तथास्तु'शी त्याची सांगड घालणारेही भेटतात. जवळचा शब्द आहे, पण दिशा उलटी. तथास्तु वरून येतं. देव प्रसन्न होतो आणि म्हणतो. घरात अभद्र बोललं की मोठी माणसं दटावत, वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो बरं. तिथेही तो देणाराच. आमेन म्हणतो तो मागणारा, तेही बहुधा दुसऱ्यानं उच्चारलेल्या मागण्याला. जो पुढे उभा राहून बोलत नाही, ज्याला शब्द जुळवता येत नाहीत, ज्याला कुणी बोलायला बोलावलेलंच नाही, त्याचा हा शब्द. इ.स. १५५ च्या सुमारास जस्टिन नावाच्या ख्रिस्ती विचारवंतानं रोमच्या सम्राटाला आपल्या उपासनेची ओळख करून देताना हे आवर्जून लिहिलं: पुढारी प्रार्थना म्हणतो आणि जमलेले सगळे लोक आमेन म्हणून तिला होकार देतात. त्याच्याही आधी संत पौलानं करिंथच्या मंडळीला खडसावलं होतं, की तुम्ही न कळणाऱ्या भाषेत प्रार्थना केलीत तर साध्या माणसानं तिला आमेन कसं म्हणायचं? लॅटिन मिस्सा आठवली की हा प्रश्न मला आमच्या गावालाच विचारल्यासारखा वाटतो.

त्याचं उत्तर मला मिळालं ते एका बेने इस्राएल घरात. मुंबईत मी मराठी शिकवत असे तेव्हा एक सहशिक्षिका कोकणातल्या या ज्यू समाजातली होती. तिच्याकडे मलिद्याच्या विधीला गेले. गोड पोहे, ओलं खोबरं, फळं असं ताट मधोमध ठेवलेलं, एलियाहू हनावीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं नाव घेतलेलं, आणि प्रार्थनेच्या प्रत्येक टप्प्यावर घरातल्या सगळ्यांच्या तोंडून आमेन. कोकणपट्टीत सिनेगॉगमध्ये आमेन आहे, मशिदीत फातिहानंतर आमीन आहे, आमच्या चर्चमध्ये आहेच. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा एका ओळीत दिसलं.

तिथल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला सांगितलं की आमेन कसं म्हणावं याचेही नियम तालमूद या ज्यू धर्मग्रंथात आहेत. घाईनं म्हणू नये. अर्धवट तोडू नये. आणि 'अनाथ आमेन' म्हणू नये. मूळ प्रार्थना ऐकलीच नाही आणि इतर म्हणताहेत म्हणून आपणही म्हटलं, तर ते आमेन अनाथ, त्याला आईबाप नाहीत. मी ताबडतोब आजीचा विचार केला. लॅटिनचं एक अक्षर न कळता तिनं गुडघ्यांवर काढलेली ती सगळी वर्षं अनाथ होती का? मी तसं विचारलं. त्यांनी अलेक्झांड्रियाची गोष्ट सांगितली. इजिप्तमधल्या त्या शहरात इतकं प्रचंड सिनेगॉग होतं की मागच्यांना पुढचं काही ऐकू जात नसे. मधल्या चौथऱ्यावर एक जण हातात कापड घेऊन उभा राही. प्रार्थना संपली की तो ते फडकावी आणि सगळा जमाव आमेन म्हणे. मग ती आमेनं अनाथ नव्हती का? जुन्या टीकाकारांनी उत्तर दिलं आहे, की नाही. कानांवर आलं नसलं तरी आत्ता कोणती प्रार्थना चालू आहे हे त्यांना ठाऊक होतं.

आमच्या चर्चची घंटी म्हणजे तेच कापड. ती वाजे तेव्हा वेदीवर काय होतंय हे आजीला पक्कं ठाऊक असे. तिचं मुकं आमेन अनाथ नव्हतं.

ठाऊक असणं इथे महत्त्वाचं, कारण हा शब्द अंगाला लागतो. बायबलमध्ये त्याचे सुरुवातीचे उपयोग गोड प्रार्थनांचे नाहीत. अनुवादाच्या पुस्तकात लेवी लोक एकेक शाप उच्चारतात आणि सगळ्या लोकांनी प्रत्येकाला आमेन म्हणायचं असतं: शेजाऱ्याच्या बांधाची खूण सरकवणाऱ्याला शाप, आंधळ्याला वाट चुकवणाऱ्याला शाप, परका, पोरका आणि विधवा यांचा न्याय फिरवणाऱ्याला शाप. आमच्या वसईत बांध कोरण्यावरून सख्खे भाऊ आयुष्यभर बोलले नाहीत अशी घरं आहेत, आणि तीच माणसं रविवारी एका चर्चमध्ये आमेन म्हणतात. या यादीला आमेन म्हणणं म्हणजे मी असं केलं तर हे माझ्यावर येवो, असं कबूल करणं.

नहेम्याच्या पुस्तकातला प्रसंग तर आपल्याकडच्या सावकारीचाच वाटतो. दुष्काळ, धान्यासाठी गहाण पडलेली शेतं, राजाचा कर भरायला काढलेलं कर्ज, आणि फेडता येईना म्हणून गुलाम म्हणून दिलेली पोटची मुलं. नहेम्या यहूदाचा सुभेदार. तो धनकोंना सगळ्यांसमोर उभं करतो. शेतं, द्राक्षमळे, घरं आणि घेतलेलं व्याज परत करायला लावतो. याजकांना बोलावून शपथ घेववतो. मग आपल्या अंगरख्याचा घोळ झटकून म्हणतो, जो हे पाळणार नाही त्याला देव असाच झटकून टाको. आणि सगळी सभा म्हणते, आमेन. पुढचं वाक्य मला सर्वांत आवडतं. लोकांनी त्याप्रमाणे केलं, असं तिथे लिहिलं आहे.

मला सर्वांत जड गेलेलं आमेन माझ्या आईच्या खाटेपाशी म्हटलेलं. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. वडील मात्र रोज संध्याकाळी तिचा हात धरून ती उठून घरी यावी अशी प्रार्थना करत, आणि आम्ही भावंडांनी आमेन म्हणायचं. खोटं बोलतोय असं वाटे. त्या दिवसांत मला बायबलमधला यिर्मया संदेष्टा सापडला. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात जाहीर करतो, की दोन वर्षांत बाबिलोनचं जू मोडेल, लुटलेली भांडी परत येतील, धरून नेलेले लोक परत येतील. यिर्मयाला पक्कं ठाऊक आहे की हे होणार नाही. तरी तो आधी म्हणतो, आमेन, परमेश्वर असंच करो. आणि मग आपलं खरं सांगतो. होणार नाही हे माहीत असलेल्या चांगल्या गोष्टीलाही आमेन म्हणता येतं, कारण ती व्हावी ही इच्छा खरी असते. आई त्या पावसाळ्यात गेली. वडिलांच्या प्रार्थनेला म्हटलेलं एकही आमेन मला परत घ्यावंसं वाटलं नाही.

हा शब्द नेहमी शेवटी येतो, एका माणसाच्या तोंडी सोडून. येशू तो बोलण्याच्या सुरुवातीला ठेवतो. आधी आमेन, मग 'मी तुम्हांला सांगतो'. योहानाच्या शुभवर्तमानात तर दोनदा, आमेन आमेन. दुसऱ्याच्या शब्दाला होकार म्हणून नव्हे, तर स्वतःच्या शब्दाला आधीच जामीन राहून तो बोलतो. शुभवर्तमानांत असं दुसरं कुणीही बोलत नाही. पुढे प्रकटीकरणाच्या पुस्तकात त्याचं एक नावच 'आमेन' आहे. माझ्या आजीचा शब्द आणि हा शब्द एकच आहे, हे कळायला मला ग्रीक शिकलेल्या एका फादरांची मदत लागली. कारण आपल्या मराठी बायबलात त्या जागी 'खचीत' आहे.

'खचीत' चुकीचा नाही. भारदस्त आणि जुना शब्द आहे, तो काढून टाका असं मी म्हणणार नाही. पण त्यामुळे मराठी वाचकाला आमेन फक्त प्रार्थनेच्या शेपटाला दिसतं आणि 'संपलं' हा अर्थ पक्का होत जातो. म्हणून मराठी बायबलच्या संपादकांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या आवृत्तीत 'खचीत' तसाच ठेवा, पण पानाखाली एक टीप द्या, की मुळात येथे 'आमेन' आहे. एकट्या योहानाच्या शुभवर्तमानात अशा २५ जागा आहेत.