खातं बंद करण्याचं कारण

मी बी.कॉम. असल्यामुळे मला राजकारणातलं काही कळत नाही, असं आमच्या हेडकॅशियरचं ठाम मत आहे. ते स्वतः राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले आणि गेली वीस वर्षं फाटक्या नोटा मोजताहेत.

परवा डबे उघडता उघडता मी आयोवातल्या हॉवर्ड काउंटीचा विषय काढला. आमच्या साडूंचा मुलगा आयोवात असतो, त्यामुळे त्या राज्यावर माझा थोडा हक्क पोचतो. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा, पण वस्ती जेमतेम साडेनऊ हजार. आमच्या शाखेत यापेक्षा जास्त खाती आहेत! 1914 साली जन्मलेले हरितक्रांतीचे नॉर्मन बोरलॉग याच काउंटीतल्या शेतकरी घरात वाढले. म्हणजे आपल्या पोळीचंही तिथं थोडं नातं निघतं.

तर या काउंटीनं 2012 साली डेमोक्रॅट ओबामांना वीस टक्क्यांहून जास्त आघाडी दिली आणि चारच वर्षांनी रिपब्लिकन ट्रम्पना जवळजवळ तेवढीच!

"चंचल लोक!" हेडकॅशियर लोणच्याची फोड चोखत म्हणाले.

आता केंटकीतली एलियट काउंटी घ्या. 1872 पासून 2012 पर्यंत प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅट. खातं पणजोबांनी उघडलेलं, पणतवानं चालवलेलं. 2016 साली तिनंही सुमारे सत्तर टक्के मतं ट्रम्पना दिली. एकशे चाळीस वर्षं एकाच खिडकीशी उभं राहणाऱ्याला चंचल कसं म्हणायचं?

कारणं पुष्कळ सांगतात. कारखाने गेले, खाणी बसल्या, गावातली दुकानं मिटली, शिकलेली पोरं शहरात गेली. धर्म, बंदुका, परदेशांतून येणारी माणसं यांवरून शहराचं आणि खेड्याचं जमेना. ऐंशीच्या दशकात व्याज चढलं, जमिनीचे भाव कोसळले, आयोवातले कितीतरी शेतकरी कर्जात बुडाले. सत्ता रिपब्लिकन रेगन यांची होती. 1988 साली देशानं पुन्हा रिपब्लिकन बुश निवडले, आयोवानं मात्र डेमोक्रॅट डुकाकिस यांना कौल दिला. ओबामांनी 2008 साली 'बदल' देऊ केला, ट्रम्पनी 2016 सालीही एक प्रकारचा बदलच. गिऱ्हाइकाची मागणी तीच, खिडकी तेवढी दुसरी. त्यानंतर 2020 आणि 2024 सालीही या दोन्ही काउंट्या ट्रम्पकडेच राहिल्या.

"पण नव्या खिडकीत त्यांना असं मिळालं काय?" हेडकॅशियरनी विचारलं.

मला गेल्या महिन्यातले आबा आठवले. तीस वर्षांचं खातं बंद करायला आले होते. मी फॉर्म पुढे सरकवत विचारलं, "आबा, व्याज कमी पडतंय का?"

"व्याजाचं न्हाई वो सायेब."

"मग ती दुसरी बँक चांगली आहे?"

"तिचं कुनाला ठावं? पर हितं तीन वर्सं पासबुक भराया येतुया. 'मशीन बंद हाय, उद्या या' म्हन्ता. एकदाबी मान वर करून बगितलं न्हाई तुमी."

मी मान वर केली. तोवर आबांचा अंगठा उमटून झाला होता.

त्या फॉर्मात खातं बंद करण्याचं कारण लिहायला एक रकाना असतो. तो आम्हीच भरतो. मी नेहमीप्रमाणे लिहिलं, "वैयक्तिक."