चेरीची बाग आणि बदलापूरची जांभळे

आंतोन चेखव या रशियन नाटककाराचे 'चेरीची बाग' हे नाटक मॉस्को आर्ट थिएटरने जानेवारी १९०४ मध्ये प्रथम रंगभूमीवर आणिले. दिग्दर्शक स्तानिस्लावस्की यांस ते शोकान्त वाटले. ग्रंथकाराने मात्र त्यास 'विनोदी नाटक' असे म्हटले होते. घराणे बुडते आणि ग्रंथकार हसावयास सांगतो, या कोड्याने आम्हांस पुष्कळ दिवस सतावले.

कथानक साधे आहे. रानेव्स्कायाबाई व तिचा भाऊ गायेव यांची जहागीर कर्जापायी लिलावास निघते. लोपाखिन नावाचा व्यापारी, ज्याचे बापआजे तेथेच भूदास होते, तोड सुचवितो : रेल्वे जवळ आली आहे, तेव्हा बाग तोडावी आणि तुकडे पाडून उन्हाळी बंगल्यांसाठी भाड्याने द्यावेत. भावंडांस हे हलके वाटते. परंतु दुसरा उपायही ती करीत नाहीत. गायेव शंभर वर्षांच्या कपाटापुढे भाषण करितो! अखेरीस लोपाखिनच बाग विकत घेतो. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' (१९८५) या नाटकात वाड्यापुढे गंजत पडलेला ट्रॅक्टर याच वृत्तीची साक्ष देतो. हसू येते ते या निष्क्रिय मोठेपणाचे.

परंतु वाचकहो, आमच्या टापूकडे पाहावे. बदलापूरचे जांभूळ प्रसिद्ध आहे. तेथेही रेल्वे हाताशी. म्हणून भातखाचरांचे प्लॉट पडले, बारवी धरणाच्या बाजूस फार्महाऊसे उठली आणि जांभळीची झाडे घटली. लोपाखिनची योजना येथे अमलात आली आहे. आणि आम्ही नुसते प्रेक्षक नसून त्या बंगल्यांतील बिऱ्हाडकरू आहो!

धरणाची गोष्ट याहून निराळी. १९७२ साली पुरे झालेल्या बारवीचे पाणी अंबरनाथ, उल्हासनगर आदी शहरांस मिळते. पुढे धरणाची उंची वाढली, तेव्हा मुरबाड तालुक्यातील तोंडली, काचकोली, मोहघर इत्यादी गावांच्या लोकांस घरे सोडावी लागली. रानेव्स्कायाबाईंस विचार करावयास अवधी होता, उपायही सुचविला गेला होता. या शेतकऱ्यांपुढे तसा पर्याय नव्हता. आळसाने घर गमावणे वेगळे आणि दुसऱ्यांच्या तहानेसाठी ते सोडणे वेगळे.

नाटकाच्या शेवटी सारे निघून जातात आणि फिर्स हा वृद्ध नोकर बंद घरात विसरला जातो. चेखव मालकांस हसतो. फिर्सला कोणी हसत नाही. विद्यार्थ्यांनी पाण्याचा पेला उचलताना त्या गावांची नावे तरी ठाऊक करून घ्यावीत, एवढीच आमची विनंती.