पुराच्या दिवशी मी वाईला होते

गुरुवार, ३ जुलै २०२५

सकाळी चिऊ गॅलरीत उकिडवी बसून चिमण्यांची वाट पाहत होती. कोणी काही विचारलं नसताना म्हणाली, "आबा कण्या टाकायचे. खिशातून."

खरंच, ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम मूठभर कण्या असायच्या. हे गेल्या नोव्हेंबरात गेले, तेव्हा चिऊ सव्वादोन वर्षांची होती. खिशाची गोष्ट तिच्यापाशी आमच्यापैकी कोणीच काढलेली नाही. ही आठवण तिची स्वतःची आहे. मला भरून आलं, आणि पाठोपाठ काळजी वाटली. तिच्याजवळ ती किती दिवस राहील?

रविवार, ६ जुलै, आषाढी एकादशी

दुपारी खिचडी झाल्यावर मुलाने आणून दिलेलं, लहानपणीच्या आठवणींवरचं, वाचत बसले. मोठ्या माणसांची सर्वांत जुनी आठवण सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते. त्याआधीचं बहुतेक सगळं कोरं. फ्रॉइडने १९०५ मध्ये याचं कारण दिलं, की मन त्या वयातल्या गोष्टी दडपून टाकतं. आज संशोधक वेगळी कारणं शोधतात.

मला वाटायचं, तान्ह्या बाळाला काही लक्षातच राहत नसेल. तसं नाही. अमेरिकेतल्या कॅरोलिन रोव्ही-कोलियर यांनी पाळण्यावर टांगलेल्या खेळण्याची रिबीन बाळाच्या पायाला बांधली. पाय झाडला की खेळणं हलतं, हे बाळ शिकलं. तीन महिन्यांच्या बाळाने ते जवळजवळ आठवडाभर लक्षात ठेवलं, सहा महिन्यांच्या बाळाने दोन आठवडे. म्हणजे लक्षात राहतं, पण टिकत नाही.

पॅट्रिशिया बाउअर यांचं २०१४ चं काम वाचताना मात्र पोटात कालवलं. तीन वर्षांची मुलं आणि त्यांच्या आया घडून गेलेल्या प्रसंगांवर काय बोलतात, ते त्यांनी टिपून ठेवलं. त्यातली काही मुलं पाच ते सात वर्षांची असताना त्यांना ६० टक्क्यांहून अधिक प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्यांना ४० टक्केसुद्धा नाहीत. चिऊचे आबा आणखी चार-पाच वर्षं तिच्याजवळ असतील, मग निसटू लागतील.

मंगळवार, ८ जुलै

आज चिऊने दोन नवे शब्द उचलले, 'ओसाड' आणि 'झाकण'. दिवसभर दोन्ही कुठेही वापरत होती.

विसरण्याची मुळं या वाढीतच आहेत. मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग आठवणी बांधतो, आणि लहानपणी तिथे नव्या पेशी भराभर तयार होत असतात. टोरांटोच्या पॉल फ्रँकलंड आणि शीना जोसेलिन यांच्या गटाने २०१४ मध्ये उंदरांवर दाखवलं, की नव्या पेशी जुन्या जोडण्या विस्कटतात. पिल्लांमध्ये ही वाढ मंदावली तर त्यांच्या आठवणी जास्त टिकल्या. गिनीपिगचं पिल्लू जन्मतःच बरंच तयार मेंदू घेऊन येतं, त्यामुळे ते उंदराच्या पिल्लासारखं विसरत नाही. शेत पुन्हा नांगरलं की आधीच्या सऱ्या मोडतात, तसंच हे.

दुसरं मूळ भाषेत. न्यूझीलंडच्या गॅब्रिएल सिमकॉक आणि हार्लीन हेन यांनी लहानग्यांना एक 'जादूचं यंत्र' दाखवलं. मोठं खेळणं आत टाकायचं, दांडा फिरवायचा, तेच खेळणं छोटं होऊन बाहेर. सहा महिन्यांनी, वर्षाने मुलांना यंत्र चालवून दाखवता आलं. पण सांगताना, खेळाच्या वेळी जे शब्द त्यांच्याजवळ नव्हते, ते मधल्या काळात शिकूनही त्यांनी वापरले नाहीत. 'खिसा' आणि 'कण्या' हे शब्द चिऊला तेव्हाच येत होते. माझी आशा तेवढ्यावर आहे.

गुरुवार, १० जुलै, गुरुपौर्णिमा

दादा आला होता. शनिवारी पानशेतच्या पुराचा दिवस, म्हणून विषय निघाला. मी नेहमीप्रमाणे माझी पहिली आठवण सांगितली. मी दोन वर्षांची, आजीच्या कडेवर, खाली गढूळ लाल पाणी आणि त्यातून वाहत चाललेला रिकामा पाळणा.

दादा जरा वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "अगं, तू तेव्हा पुण्यात नव्हतीसच. आई तुला घेऊन वाईला गेली होती. पाळणा मी पाहिला, शेजारच्या गच्चीवरून. तुला लहानपणी शंभरदा सांगितलाय."

संध्याकाळी त्याने बाबांचं पोस्टकार्ड पाठवलं. वाईचा पत्ता, तारीख १५ जुलै १९६१. 'आम्ही सुखरूप आहोत. वाड्याची पुढची भिंत गेली. तुम्ही दोघी तूर्त तिथेच राहा.'

चौसष्ट वर्षं मी ते पाणी डोळ्यांसमोर पाहत आले.

ज्याँ पियाजे यांचंही असंच झालं होतं. बाबागाडीत असताना पॅरिसच्या रस्त्यावर आपल्याला पळवून नेण्याचा प्रयत्न झाला, दाईने झुंज दिली, तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उठले, हे त्यांना स्पष्ट आठवायचं. ते पंधरा वर्षांच्या आसपासचे असताना दाईने पत्र लिहून कबूल केलं, की तसं काही घडलंच नव्हतं. बक्षीस मिळालेलं घड्याळही तिने परत केलं. घरात ऐकलेल्या गोष्टीतूनच त्यांच्या मनाने ते चित्र रंगवलं होतं.

शनिवार, १२ जुलै

आज नदीकाठी जाऊन आले. त्या दिवशी आधी पानशेत धरण, मग खडकवासला फुटलं, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. ते दादाने पाहिलं, मी नाही. पाळणा दादाचा आहे, हे आज मी मान्य केलं. त्याने तो मला प्रेमाने दिला, म्हणून तो मला प्रिय राहील. पण ती माझी आठवण आहे असं यापुढे म्हणणार नाही.

चिऊच्या बाबतीत ही गल्लत मला होऊ द्यायची नाही. आबांच्या गोष्टी आम्ही तिला जरूर सांगू, पण 'आबांनी तुला घोडा घोडा खेळवलं, आठवतंय ना?' असं तिच्या तोंडात घालणार नाही. बाउअर यांच्या कामात ज्या आया 'मग? अजून सांग' म्हणत आणि मुलाला हवं तिकडे बोलणं नेऊ देत, त्यांच्या मुलांना पुढे अधिक आठवलं. म्हणून मीही 'मग?' एवढंच विचारणार आणि थांबणार.

एक दोनशे पानी वही आणली. उजवं पान चिऊच्या शब्दांसाठी, डावं आम्ही सांगितलेल्या गोष्टींसाठी. पहिल्या उजव्या पानावर लिहिलं:

'३ जुलै २०२५. वय २ वर्षं ११ महिने. आबा कण्या टाकायचे. खिशातून.'

डावं पान कोरं आहे. हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.