ऑक्टोबरच्या उकाड्यात लोकर

पुण्यात ऑक्टोबरचं ऊन ऐन भरात असताना मी लोकरीचे कपडे बाहेर काढते. पंखा पाचावर, मानेवर घाम, मांडीवर वेखंडाचा वास धरलेला स्वेटर. अशा वेळी थंडी कितीही आठवली तरी अंगाला पटत नाही. म्हणून युरोपच्या प्रवासाची बॅग भरताना अंगाचं नव्हे, आकड्यांचं ऐकावं. व्हिएन्नात ऑक्टोबरच्या मध्याला दुपारी १५ अंशांच्या आसपास, पहाटे ६-७. प्राग थोडं अधिक गार. आणि ट्राममध्ये, कॉफीहाउसात, संग्रहालयात मात्र चांगलं ऊबदार. दिवसभर नुसतं चढवायचं आणि उतरवायचं. तिथे एकाच जाडजूड जॅकेटचा उपयोग नाही; एकावर एक पातळ कपडे हवेत, कारण खरी ऊब त्यांच्यामध्ये कोंडलेल्या हवेची असते.

माझ्यासाठी हे सोपं आहे. पण सोबत आई आहे, आणि आई साडीच नेसते. तिने बदलावं असं मला क्षणभरही वाटत नाही. साडीला युरोपातली शरद ऋतूची हवा मानवेल कशी, एवढंच बघायचं.

सुती साड्या आधी बाजूला काढल्या. भिजलेलं सूत लवकर वाळत नाही आणि अंगाला गार चिकटून बसतं. रेशीम हलकं, घडी घातली की तळहाताएवढं आणि मुळात ऊबदार. परकराच्या आत लोकरीची लेगिंग, ब्लाउजच्या जागी लांब बाह्यांचा पातळ मेरिनो पुलोव्हर, पायात जाड मोजे आणि घरी वापरून मऊ झालेले रबरी तळाचे बूट. प्रागच्या दगडी फरसबंदीवर ओली पानं साचलेली असतात, काठ क्षणात भिजतो. म्हणून साडी घोट्याच्या वर नेसायची. आम्ही आरशासमोर नेसून पाहिलं. पदर पुढे घेऊन कमरेशी खोचला, वर कोट चढवला.

"अगं, मग साडी दिसणार कुठे?" आईने विचारलं.

ऑपेरात दिसेल. व्हिएन्नाच्या ऑपेरात कोट गार्डरोबमध्ये ठेवूनच आत जायचं असतं. त्या संध्याकाळसाठी तिने मोरपंखी गर्भरेशमी निवडली.

कोटाचं कापड मला फार आवडतं. आल्प्सच्या टायरॉल भागातलं लोडन. विणलेली लोकर भिजवून, मळून, दाबून इतकी आटवतात की भुरभुर पाऊस वरच्यावर ओघळून जातो. आपल्या धनगरांची चिंचोक्याच्या खळीची घोंगडी हेच काम करते. व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात ब्रॉयगलचं १५६५ सालचं एक चित्र आहे: शरदात डोंगरावरून परतणारा गुरांचा कळप, काळे ढग, पानं झडलेली झाडं, काठ्या घेतलेले गुराखी. आईला ते दाखवायचंच आहे. गुराखी, पाऊस आणि लोकर यांचं नातं तिला सांगायला लागणार नाही.

रंगांबद्दल मी आग्रही आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि व्हिएन्नात पाचच्या आतच सूर्य मावळतो. रस्त्यावर बहुतेक कोट काळे नाहीतर करडे. त्या गर्दीत हळदी शाल हवी. आईला लांबून ओळखता यावं म्हणून, आणि हळदी रंग तिला शोभतो म्हणूनही.

सगळं बसवून झाल्यावर बुडापेस्टचा विषय निघाला. तिथलं सेचेन्यी स्नानगृह १९१३ पासून चालू आहे. उघड्यावरचे हौद, ३८ अंशांपर्यंतचं पाणी, गार हवेत वर उठणारी वाफ. मला वाटलं, आई काठावर बसेल. पण ती वाईची, कृष्णेत पोहायला शिकलेली.

"स्विमसूट लागेल ना? पूर्ण बाह्यांचा बघ," ती म्हणाली, आणि जागा करायला तिने माझाच एक स्वेटर बाहेर काढून ठेवला.